काळी, पांढरी आणि मातीची परीक्षा



आपल्याकडे गावच्या जमिनीचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पेरायचे ते काळीत आणि राहायचे ते पांढरीत, असा आपल्या वाडवडिलांचा साधा हिशेब होता. पिकाची जमीन घरांखाली वाया जाऊ नये, हे त्यामागचे एक कारण उघडच आहे. पण आणखी एक कारण त्यांना अनुभवाने ठाऊक असले पाहिजे. काळी कपाशीला आईसारखी जपते. भिंतीशी मात्र तिचे सूत जमत नाही.

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी खापा हे गाव आहे. हातमागाचे जुने गाव म्हणून त्याची ओळख. जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे. आपल्या भागातला शेतकरी जमिनीला एकाच नावाने कधी ओळखत नाही. काळी, मोरंड, खरडी, बरडी, नदीकाठची कछार अशी प्रत्येकीची वेगळी नावे तो घेतो आणि कोणती काय देईल हे सांगतो. हे ज्ञान पिकापुरते फार पक्के आहे. परंतु तीच जमीन घराचा भार किती सोशील, असे विचारले तर मात्र आपण गप्प होतो.

पूर्वी त्याची फारशी गरजही नव्हती. घरे मातीची आणि कुडाची, वर कवेलू. भिंत थोडी हलली तर कुडाला फरक पडत नसे. भेग पडली तर दिवाळीच्या आधी घरची बाई शेणमातीने लिंपून टाकी. आता वस्ती वाढली. पांढरी भरून गेली आणि घरे काळीत उतरली. भिंती विटांच्या झाल्या, वर काँक्रीटचे छत आले. विटांची भिंत कुडासारखी लवत नाही, ती फुटते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग वर वर चढत जाते, पावसाळ्यात कवाड चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात आपोआप मोकळे होते. घरधनी गवंड्याला बोल लावतो, गवंडी सिमेंटला बोल लावतो. पुष्कळदा दोष या दोघांच्याही पायाखाली असतो.

तेव्हा आज आपण मातीच्या परीक्षेचा इतिहास पाहू. भार ठेवला की माती किती दबते, किती दिवस दबत राहते, आणि हे घर बांधण्याआधी प्रयोगशाळेत कसे कळते, असा हा विषय आहे.

आधी घरातलेच एक उदाहरण घ्या. श्रीखंडासाठी चक्का करायचा असला की आपण दही फडक्यात बांधतो आणि त्यावर वजन ठेवतो. वजन ठेवताक्षणी गाठोडे एकदम चपटे होते काय? नाही. पाणी थेंबाथेंबाने गळत राहते आणि तसतसे गाठोडे बसत जाते. रात्रभर ठेवले तर सकाळी चक्का घट्ट होतो. घाई केली तर आत पाणी राहते. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबे थेंबेच रिते होते.

ओली चिकणमाती या दह्यासारखी वागते. तिचे कण अतिशय बारीक आणि त्यांच्यामधल्या फटीत पाणी. वर भार आला की ते पाणी बाहेर पडू पाहते, पण वाट इतकी अरुंद की त्याला महिने लागतात, वर्षे लागतात. कन्हानच्या वाळूचे तसे नाही. वाळूचे कण मोठे, फटी मोकळ्या. पाणी ताबडतोब निघून जाते आणि जे काय बसायचे ते बांधकाम चालू असतानाच बसून घेते. म्हणून वाळूवरचे घर जे सांगायचे ते लवकर सांगते. चिकणमातीवरचे घर वास्तुशांत झाल्यावर, पाहुणे परत गेल्यावर, दोनचार वर्षांनी सावकाश सांगू लागते.

ही गोष्ट जगाने किंमत मोजून शिकली. इटलीतील पिसाचा कलता मनोरा आपण चित्रात पाहिला असेल. त्याचे काम ११७३ साली सुरू झाले. पाचेक वर्षांत तिसऱ्या मजल्याच्या सुमारास ते थांबले आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे तसेच पडून राहिले. त्या काळच्या लोकांना हा खोळंबा वाटला असेल. आजचे अभियंते मात्र म्हणतात की, त्या खोळंब्यानेच मनोरा वाचवला. खालच्या मऊ मातीतले पाणी तेवढ्या अवधीत निघून गेले आणि ती पुढचा भार सोसण्याइतकी घट्ट झाली. सलग काम रेटले असते तर मनोरा त्याच वेळी कोसळला असता. पुढे तो कलत गेलाच. १९९० साली तो लोकांसाठी बंद करावा लागला. कललेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाची थोडी थोडी माती खालून काढून त्याला जरा सरळ केले आणि २००१ साली तो पुन्हा उघडला. आठशे वर्षांपूर्वी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे आपल्या काळात द्यावे लागले.

मातीला हा प्रश्न आधीच विचारण्याचा प्रयत्न विसाव्या शतकात सुरू झाला. १९१०च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्रोंतार नावाच्या अभियंत्याने चिकणमातीची जाड चकती एका भांड्यात ठेवून वरून दाब दिला आणि ती किती बसते ते मोजले. पण मोजलेल्या आकड्यांमागचा नियम सापडला नव्हता. तो शोधणाऱ्या गृहस्थाचे नाव कार्ल टर्झागी.

टर्झागी यांचा जन्म १८८३ साली प्राग शहरी झाला. शिक्षण यंत्रशास्त्राचे, पण पुढे बांधकामावर काम करताना त्यांना एक गोष्ट खटकू लागली. लोखंडाची ताकद अभियंता आधी मोजतो, दगडाची मोजतो, लाकडाची मोजतो. आणि ज्या मातीवर हे सारे उभे करायचे तिच्याबद्दल मात्र अंदाजाने बोलतो. १९१६ साली ते इस्तंबूल येथे शिकवण्यास गेले. पहिले महायुद्ध संपल्यावर तेथीलच रॉबर्ट कॉलेजात त्यांना जागा मिळाली. हाताशी पैसा नव्हता, यंत्रे नव्हती. मिळेल त्या साध्यासुध्या सामानातून त्यांनी स्वतःच उपकरणे जुळवली. एक कडे, त्यात चिकणमातीची चकती, वर-खाली पाणी झिरपू देणारा थर आणि वरून भार. आज ज्याला इडोमीटर म्हणतात त्या उपकरणाचा हा आरंभ. शाळेत साहित्य नाही म्हणून प्रयोग होत नाहीत, असे आपण शिक्षक मंडळी वरचेवर म्हणतो. त्या वेळी या गृहस्थाची आठवण ठेवायला हरकत नाही.

त्यांनी जे ओळखले ते असे. ओल्या चिकणमातीवर भार पडला की पहिल्या क्षणी तो भार कणांवर येतच नाही. फटीत कोंडलेले पाणी तो झेलते. तोंडाशी बोट धरलेली पिचकारी दाबून पाहा. दट्ट्या पुढे जात नाही, कारण सारा जोर पाण्याने तोलला आहे. बोट किंचित सैल करा. पाणी बारीक धारेने निघते आणि दट्ट्या हळूहळू पुढे सरकतो. मातीतही तसेच घडते. जितके पाणी निघाले तितका भार पाण्याच्या खांद्यावरून कणांच्या खांद्यावर येतो. कण एकमेकांना अधिक बिलगतात आणि माती बसते. सारा भार कणांवर आला की हे बसणे जवळजवळ थांबते. यालाच इंजिनियर लोक कन्सॉलिडेशन म्हणतात. आपल्या बोलीत ‘माती बसणे’ हा शब्द पुरेसा आहे. १९२३ साली टर्झागींनी यामागचे गणित प्रसिद्ध केले आणि १९२५ साली व्हिएन्ना येथे त्यांचा मातीच्या यांत्रिकीवरील जर्मन ग्रंथ निघाला. मृदायांत्रिकी हे शास्त्र तेव्हापासून स्वतःच्या पायावर उभे राहिले. १९६३ साली टर्झागी वारले, पण त्यांची परीक्षा आजही जगभर तशीच घेतली जाते.

ती कशी घेतात ते आता पाहू. जागेवर खड्डा किंवा बोअर घेऊन, मातीची घडण न मोडता एक नमुना काढतात. तो धातूच्या कड्यात नेमका बसवतात. भारतीय मानकाप्रमाणे हे कडे ६० मिलिमीटर व्यासाचे आणि २० मिलिमीटर जाडीचे असते, म्हणजे एखाद्या छोट्या पेढ्याएवढी माती. तिच्या वर आणि खाली पाणी झिरपू देणारा सच्छिद्र दगड. मग तरफेच्या साहाय्याने भार देतात. आज एक, उद्या त्याच्या दुप्पट, परवा त्याच्याही दुप्पट, अशा बेताने. प्रत्येक भार साधारण २४ तास ठेवतात. घड्याळासारख्या तबकडीवर केसाहूनही बारीक हालचाल दिसते, आणि पाव मिनिट, एक मिनिट, सव्वादोन मिनिटे, चार मिनिटे अशा ठरलेल्या वेळांना तिचे आकडे टिपतात. सगळे भार चढवून उतरवीपर्यंत आठवडा सहज जातो. ही परीक्षा घाईने घेता येत नाही, कारण घाई म्हणजे काय हे मातीला ठाऊकच नाही.

आता शिक्षकांनी फळ्यावर मांडावा असा एक हिशेब सांगतो. बसायला लागणारा वेळ हा पाण्याला जावे लागणाऱ्या वाटेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वाट दुप्पट झाली तर वेळ चौपट, वाट तिप्पट झाली तर वेळ नऊपट. कड्यातल्या २० मिलिमीटर जाडीच्या मातीतून पाणी वर आणि खाली दोन्हीकडे निघते, तेव्हा लांबात लांब वाट १० मिलिमीटरची. समजा, तिला बसायला एक तास लागला. आता शेतात त्याच मातीचा ४ मीटर जाडीचा पाणी भरलेला थर आहे आणि त्याच्याही वर-खाली वाळू आहे. तेथे लांबात लांब वाट २ मीटरची, म्हणजे २०० पट. २०० चा वर्ग ४०,००० होतो. प्रयोगशाळेतला एक तास तेथे ४०,००० तासांचा होईल, म्हणजे सुमारे साडेचार वर्षे. आणि खाली वाळूऐवजी पाणी न सोडणारा खडक असला, तर वाट ४ मीटरची होऊन हाच काळ अठरा वर्षांवर जाईल. पहिलीत आलेले मूल कॉलेजात जाईपर्यंत शाळेची इमारत बसतच राहील!

याच नियमातून उपायही निघाला. वेळ कमी करायचा असेल तर पाण्याची वाट आखूड करा. मुंबईच्या खाडीकाठच्या मऊ चिखलावर मोठी बांधकामे करताना चिखलात जवळजवळ उभ्या वाटा पाडतात, वर मातीचा भराव आधीच टाकून ठेवतात आणि पाणी निघून गेले की मगच खरे काम उभारतात. आपले जुने गवंडी जोते भरून झाले की म्हणत, “याला एक पावसाळा खाऊ द्या, मग भिंत चढवा.” भरावाची माती पावसाने भिजून, आपल्याच वजनाने बसून जावी, हा त्यांचा हेतू. त्यांच्याजवळ गणित नव्हते, पण सबुरी होती. आज गणित आहे, आणि सबुरी तेवढी कमी झाली आहे.

आपल्या देशात या शास्त्राची संघटना १९४८ साली उभी राहिली. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था नाशिक येथे १९५९ साली स्थापन झाली. १९६० साली नागपुरात विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आज आपण त्याला व्हीएनआयटी म्हणतो. माती बसण्याच्या परीक्षेचे भारतीय मानक १९६५ साली प्रसिद्ध झाले आणि १९८६ साली सुधारले गेले. इस्तंबूलच्या त्या कड्याचा प्रवास असा आपल्या दारापर्यंत आला.

परंतु आपल्या काळ्या मातीने या शास्त्राला एक उलटा प्रश्न घातला. मऊ चिखल भाराखाली बसतो, हे ठीक. पण विदर्भातली काळी पाणी मिळताच फुगते आणि वरचा भार उचलू पाहते! तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची अतिसूक्ष्म खनिजे असतात. त्यांच्या पदरांमध्ये पाणी शिरले की पदर दूर सरतात आणि पाणी गेले की पुन्हा जवळ येतात. वैशाखात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्या कोठे गेल्या ते कळत नाही. शेताला याचा उपद्रव नाही. पण घराच्या चारी कोपऱ्यांखाली ओल सारखी नसते. नहाणीकडचा कोपरा बारमाही ओला, मधला भाग छपराखाली झाकलेला, आणि ज्या बाजूला कडुनिंब आहे तेथली ओल झाड ओढून घेते. एक कोपरा वर उचलला जातो, दुसरा खाली जातो. भिंत मध्ये ताणली जाते आणि फुटते.

येथे एक नवलाची गोष्ट ध्यानात ठेवा. अशा मातीत जड इमारतीपेक्षा हलके घर अधिक फुटते. जड इमारत आपल्या वजनाने मातीला दाबून धरते. एकमजली घराचा भार कमी पडतो आणि माती त्याला खालून रेटते. म्हणजे त्रास व्हायचा तो बहुतेक गरिबाच्या घराला, ग्रामपंचायतीच्या खोलीला आणि गावच्या शाळेला.

ही फुगण्याची ताकदही त्याच कड्यात मोजता येते. कोरडा नमुना कड्यात ठेवून पाणी देतात. माती वर येऊ लागली की ती जागची हलू नये एवढा भार वाढवीत जातात. शेवटी जितका भार लागला तितका तिचा फुगण्याचा दाब. या परीक्षेचे मानक १९७७ साली आले. एकाच कड्यात माती किती बसेल तेही कळते आणि किती उठेल तेही.

उपायांतही आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी एका विशेष पायाचा अभ्यास करून तो रूढ केला. भिंतीखाली काही अंतरावर गोल खड्डे पाडून काँक्रीटचे खांब भरायचे; खांबाचा तळाशी घंटेसारखा फुगवटा करायचा आणि तो फुगवटा, जेथे ऋतूंप्रमाणे ओल बदलत नाही, इतका खोल न्यायचा. वरची माती फुगो की आकसो, घर खालच्या स्थिर थराला धरून राहते. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक काट्टी यांनी वर्षानुवर्षे याच मातीवर प्रयोग केले. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा, नीट ठोकून घट्ट केलेला थर दिला, तर खालचे फुगणे पुष्कळच आटोक्यात राहते, असे त्यांनी दाखवले. काळ्या जमिनीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तराखाली हा उपाय करण्यात आला. योग्य जातीचा मुरूम आपल्याकडे मिळतो. पण प्रत्येक मुरूम योग्य नसतो, तोही तपासावाच लागतो.

आता खाप्यातल्या, किंवा कोणत्याही गावातल्या, शिक्षकांसाठी दोन छोटे प्रयोग. दोन सारख्या, मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळ्या घ्या. वाळलेली काळी माती बारीक कुटून कापडातून चाळा आणि दोन्हींत दहा दहा ग्रॅम टाका. एकीत पाणी भरा, दुसरीत रॉकेल. ढवळून हवा काढून टाका आणि एक दिवस ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमधली माती १० खुणांपर्यंत आणि पाण्यातली १६ खुणांपर्यंत आली, तर फुगणे शेकडा साठ झाले. मानकातली परीक्षा यापेक्षा काटेकोर असते, पण मूळ कल्पना हीच. मग नदीकाठची माती, पांढरीतली माती आणि शेतातली माती अशा तिन्ही तपासा. काळी-पांढरीचा जुना भेद मुलांना डोळ्यांनी दिसेल.

दुसरा प्रयोग भिंतीवरचा. शाळेच्या भिंतीला भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि रुंदी मोजून ठेवा. दर महिन्याला हे करा. वर्षभराच्या वहीवरून कळेल की भेग ऋतूंबरोबर उघडते-मिटते, की सारखी वाढतच जाते. पहिली असेल तर मातीच्या ओलीकडे पाहावे : भिंतीलगत पाणी साचू देऊ नये, पन्हाळीचे पाणी दूर न्यावे, भोवती पक्की फरशी करावी, मोठे झाड अगदी जवळ लावू नये. दुसरी असेल तर जाणत्या अभियंत्याला बोलवावे, आणि ती वही त्याच्या हाती द्यावी. अशी वही पाहून त्याला जो आनंद होईल तो तुम्हांला त्याच्या चेहऱ्यावर दिसेल.

घर बांधणाऱ्याला एवढेच सांगणे की, पाया आखण्यापूर्वी मुरूम किती खोल आहे ते खणून पाहा आणि खणलेल्या काळ्या मातीनेच जोते पुन्हा भरू नका. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी असे सार्वजनिक काम असेल तर ग्रामसभेत एक प्रश्न अवश्य विचारा : “मातीची परीक्षा झाली काय? तिचा कागद कोठे आहे?” हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

गुमगावच्या खाणीतले मँगनीज तपासल्यावाचून कोणी विकत घेत नाही. खाप्याचा विणकर सूत बोटांनी चाचपल्यावाचून मागावर चढवीत नाही. मग ज्या मातीवर आपली मुले तीसचाळीस वर्षे बसून शिकणार, ती तेवढी न तपासता का घ्यावी? आपल्या पूर्वजांनी काळी आणि पांढरी ओळखून गाव वसवले. आता काळीत राहायला जाणे आपल्याला भाग आहे. तेव्हा तिचा स्वभाव विचारून जावे, एवढेच. ती सावकाश उत्तर देते, पण खोटे सांगत नाही.